फुटलेलं दाखवा

मस्कतमधल्या कुरुमच्या आमच्या ऑफिसात एसी अठरावर असायचा. बाहेर गाडीच्या दाराला हात लावला तरी चटका बसावा असं ऊन, आणि आत आम्ही दोघं स्वेटर घालून बसलेले. हे तापमान डॉक्टरांनी ठरवलेलं होतं. विचार करायला थंडी लागते असं त्यांचं म्हणणं, आणि मग थंडी वाजते म्हणून ते करड्या लोकरीचं बिनबाह्यांचं जाकीट आणि कधीकधी कानटोपीसुद्धा घालत. मी एकदा धीर करून सुचवलं की सर, एसी चोवीसवर ठेवला तर स्वेटर लागणारच नाहीत. त्यांनी मान वर न करता सांगितलं की तुझं म्हणणं शास्त्राला धरून आहे, आणि रिमोट उचलून एसी सतरावर नेला.

ते डॉक्टर होते ते काचेचे. देवरुखचा हा माणूस तरुणपणी शिष्यवृत्तीवर ताश्कंदला गेला. तेव्हा तिथे सोव्हिएत राज्य होतं. काच कशी फुटते या विषयावर सहा वर्षं घालवून ते पीएचडी घेऊन परत आले. सहा वर्षं सरकारी खर्चाने काच फोडत होतो, असं स्वतःच सांगायचे. ताश्कंदच्या त्या दिवसांबद्दल आमच्या मनात इतरही बऱ्याच शंका होत्या, कारण त्यांनी पुढे लग्न केलं नाही. पण एकाही शंकेचं त्यांनी निरसन केलं नाही. मस्कतमध्ये डॉक्टर म्हटलं की लोक गुडघा पुढे करतात. जवळच्या बरक्याच्या मासळी बाजारात एक म्हातारा विक्रेता दर शुक्रवारी त्यांना आपला गुडघा दाखवायचा. डॉक्टर तो मन लावून बघायचे, दोन ठिकाणी दाबायचे आणि गंभीरपणे सांगायचे की हा काचेचा नाही. म्हातारा समाधानाने मान हलवायचा आणि सुरमई साफ करून द्यायचा.

आमचं काम नक्की काय, हे मी चिपळूणच्या नातेवाइकांना आजवर समजावू शकलेलो नाही. सोव्हिएत संघ मोडला आणि त्यातून बरेच देश निघाले. त्या देशांतल्या जुन्या प्रयोगशाळा, संशोधन संस्था, त्यातली माणसं सगळं जागच्या जागी राहिलं. सांभाळणारं राज्य तेवढं गेलं. आता त्यातल्या कुठल्या संस्थेत अजून दम आहे आणि कुठून काही नवं निघू शकतं, हे तपासून अ, ब, क, ड अशा श्रेणी द्यायच्या. याला संशोधन आणि नवोपक्रम क्षमतेचं मूल्यमापन म्हणतात. आमच्या अहवालावरून एक निधी देणारी परदेशी संस्था ठरवायची की मदत कोणाला द्यायची. ज्यांना ड मिळेल त्यांना तिथलं सरकार राजधानीतल्या मोठ्या संस्थेत विलीन करायचं. विलीन हा सभ्य शब्द झाला. दाराला कुलूप आणि माणसं घरी, एवढाच त्याचा अर्थ.

हे काम ओमानमध्ये कसं आलं, तर आमच्या अर्बाबने टेंडर भरलं आणि ते लागलं. अर्बाब, म्हणजे मालक, हा खाबुऱ्याचा सज्जन ओमानी गृहस्थ. मत्स्य खात्यातून निवृत्त होऊन त्याने सल्लागार कंपनी काढली होती आणि तोवर फक्त किनाऱ्यावरच्या मासेमारीचे अहवाल केले होते. या नव्या कामाचा पहिला अहवाल मीच टाइप केला. कसा, तर आधीच्या अहवालात देशाचं नाव बदलून. डॉक्टर रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी तो वाचला. चारी बाजूंनी डोंगर असलेल्या, समुद्राचं तोंडही न पाहिलेल्या देशाला आम्ही मच्छीमार बंदर सुधारण्याची शिफारस केली होती. अहवाल दुसऱ्या दिवशी जाणार होता. डॉक्टर अर्बाबच्या केबिनमध्ये गेले, ते पान त्याच्यासमोर ठेवलं आणि बाहेर आले. त्या दिवसापासून अर्बाब त्यांचं ऐकायला लागला. मला त्यांनी एवढंच विचारलं की समुद्र कुठून आणणार होतास.

मग त्यांनी माझी मुलाखत नव्याने घेतली. मी तिथे तीन वर्षं नोकरीत होतो, पण त्याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. बीएस्सी केमिस्ट्री, नंतर इथे बांधकाम सामानाच्या कंपनीत स्टोअरकीपर, हे त्यांनी अर्धवट ऐकलं आणि विचारलं, आजवर फोडलंस काय काय? मी आठवायला लागलो. शेवटी आठवलं की एफवायला एक ब्युरेट, प्रयोगशाळेतली मापाची काचनळी, फोडली होती. ते खूश झाले. ब्युरेट फुटली म्हणजे निदान हातात तरी घेतली होती. पुढे काय फोडलं म्हणाले. पुढे काही नाही म्हटल्यावर त्यांनी कागदावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलं आणि म्हणाले की म्हणजे तिथेच शास्त्र सुटलं. हे खरंच होतं, म्हणून राग आला.

त्यांच्या सगळ्या तत्त्वज्ञानाचा गाभा हाच. जिथे काम होतं तिथे काही ना काही फुटतं, तेव्हा माणसाची लायकी बघायची तर त्याला फुटलेलं दाखवायला सांगायचं. चांगलं तो आपणहून दाखवतोच. सलूनमध्ये गेले की ते न्हाव्याला बोथट झालेली कात्री दाखवायला सांगत. चहाच्या टपरीवर तळ काळा झालेलं भांडं बघितल्याशिवाय चहा घेत नसत, आणि घेतला तरी बिनदुधाचा. तोही साखरेऐवजी देवरुखच्या बहिणीने पाठवलेला आंब्याचा मुरंबा तोंडात धरून प्यायचा, ही ताश्कंदची खोड. मुरंब्याची बरणी जाकिटाच्या खिशात बसत नसे, म्हणून जाकिटाला खास मोठा खिसा शिवून घेतलेला होता.

एकदा मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. बायकोने नवीन सेट काढला होता, सोलकढी, सुरमईचं कालवण, सगळं साग्रसंगीत. जेवण झाल्यावर डॉक्टरांनी तृप्त होऊन विचारलं, वहिनी, कान तुटलेला एखादा कप असेल ना घरात? बायको म्हणाली की आमच्याकडे तसलं काही ठेवत नाहीत. तिला वाटलं आपल्या घराची परीक्षा चालली आहे, आणि वाटलं ते बरोबरच होतं. डॉक्टरांनी मान हलवून घराला क दिला. तेवढ्यात माझी मुलगी आतून कान तुटलेला एक मग घेऊन आली. "अंकल, हा ब्रोकन आहे, पण आय कीप माय ब्रशेस," ती म्हणाली. त्यात तिचे रंगाचे ब्रश उभे होते. डॉक्टरांनी तो मग उजेडात धरून सगळीकडून बघितला आणि घराची श्रेणी वाढवून ब केली. बायकोने तो क त्यांना कधीच माफ केला नाही, ब मिळूनसुद्धा.

हाच प्रकार त्यांनी कामातही आणला. सोव्हिएत प्रयोगशाळांची एक रीत होती. तिथली प्रत्येक वस्तू राज्याच्या मालकीची, तेव्हा साधी परीक्षानळी फुटली तरी कागद व्हायचा: वस्तू कोणती, कधी फुटली, फुटण्याचं कारण, आणि खाली तीन जणांच्या समितीच्या सह्या. तीन सह्या होईपर्यंत ती वस्तू फुटली असं धरत नसत, मग तिचे तुकडे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडलेले का असेनात. हे कागद एका वहीला शिवून ठेवत. ती वही आजही बहुतेक संस्थांत ठेवली जाते. डॉक्टरांनी हे मला निदान शंभर वेळा तरी सांगितलं असेल, आणि तीन सह्यांपाशी आले की दर वेळी हसत.

तपासणी व्हिडिओ कॉलवर व्हायची. पलीकडे संचालक कोट घालून, पाठीमागे झेंडा, भाषण तयार. डॉक्टर पाच मिनिटं ऐकून घ्यायचे आणि मग रशियनमध्ये म्हणायचे, पकाझीते. म्हणजे दाखवा. आधी बेसिन दाखवा, मग मोडतोडीची वही दाखवा. माझ्या कानावर हा शब्द इतका पडला की माझं सगळं रशियन तेवढ्यावरच थांबलं. एका राजधानीतल्या संस्थेने आम्हाला तासभर नवी यंत्रं दाखवली. एका यंत्राच्या पडद्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. डॉक्टरांनी बेसिन दाखवायला सांगितलं, तर बेसिनमध्ये फुलदाणी ठेवलेली. वहीत एकही कागद नाही. संचालक अभिमानाने म्हणाले की आमच्याकडे काही फुटत नाही. त्यांना ड मिळाला आणि तो अगदी योग्य होता.

निधीवाल्यांना ही वही फारच आवडली. त्यांनी तिला रीतसर निकषांच्या यादीत घेतलं आणि पायाभूत साधनांच्या सक्रिय वापराचा निर्देशांक असं भारदस्त नाव दिलं. आमचा अर्बाब कोणी पाहुणा आला की डॉक्टरांकडे बोट करून सांगायचा, ये आदमी टूटा हुआ ग्लास देखके पूरा मुल्क बता देता है. डॉक्टर वरवर कपाळाला आठ्या घालत, पण त्या दिवशी मुरंबा दोनदा काढला जाई.

व्हायचं ते झालं. बातमी एका देशातून दुसऱ्या देशात गेली आणि आमच्याकडे येणाऱ्या वह्या फुगायला लागल्या. एका संस्थेची तर सगळी काच दर गुरुवारीच फुटत होती, एकाच निळ्या शाईत. दुसऱ्या एका संचालकाने कॅमेऱ्यासमोर बादली आणून ठेवली. बादलीत फ्लास्कचे तुकडे, आणि तुकड्यांवर दुकानाची लेबलं तशीच चिकटलेली. आम्ही तुमच्यासाठी या आठवड्यात विशेष प्रयत्न केले, असं तो म्हणाला. डॉक्टर इतके हसले की कानटोपी पडली. त्याला ड दिला आणि दिवसभर खुशीत होते. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण आपली मोजपट्टी चुकतेय असं सहसा कोणाच्या मनात येत नाही, लोकच लबाड आहेत असं वाटतं. मला तर तेवढंही वाटलं नाही. मी टाइप करत होतो.

मग ती डोंगरातली प्रयोगशाळा आली. देशाचं नाव सांगत नाही, करारात गुप्ततेचं कलम आहे. हिमनदीच्या पायथ्याचं एक गाव, तिथे दोन खोल्या, आणि काम म्हणजे खाली वाहत जाणाऱ्या पाण्यात कुठले क्षार आणि कुठले धातू उतरतायत ते मोजणं. खालच्या गावांनी कुठलं पाणी प्यायचं आणि कुठलं नाही, हे तिथून ठरायचं. प्रमुख म्हणजे नाझिरा नावाच्या साठीच्या बाई. पाठीमागे एक त्यांच्याहून म्हातारे गृहस्थ चष्मा पुसत उभे. फळ्यांवर काचसामान ओळीने मांडलेलं, स्वच्छ, झगझगीत. बाईंना भाषण येत नव्हतं. डॉक्टरांनी वही मागितली. शेवटचा कागद वीसेक वर्षांपूर्वीचा, पुढे कोरी पानं. डॉक्टरांनी बाईंकडे दोन वेळा विचारणा केली की एवढ्या वर्षांत काहीच फुटलं नाही का. बाई म्हणाल्या, कागदोपत्री नाही. डॉक्टरांनी कॉल संपवला, म्हणाले की काम बंद आहे, फळ्या पुसायचं तेवढं चालू आहे. मी ड टाइप केला. मसुदा गेला. हरकत घ्यायला नियमाप्रमाणे दहा दिवस असतात, आणि त्या दहा दिवसांत सहसा कोणी काही लिहीत नाही.

सहाव्या दिवशी नाझिराबाईंची दोन ओळींची मेल आली. तुम्ही वही बघितलीत, आता कृपा करून काच बघा, एवढंच.

डॉक्टर वैतागले, पण बसले. बाईंनी एक फ्लास्क कॅमेऱ्याच्या अगदी जवळ धरला आणि हळूहळू फिरवला. मला काही दिसलं नाही. डॉक्टर खुर्चीतून उठले. पकाझीते, पकाझीते, असं अगदी हळू म्हणत ते पडद्याला नाक लागेल इतके जवळ गेले. फ्लास्कच्या मानेभोवती केसाएवढी बारीक कडी होती. खाली आणखी एक, आणखी एक. तिथे काच पुन्हा वितळवून जोडलेली होती. पाठीमागचे म्हातारे गृहस्थ काचकाम करणारे कारागीर होते. सोव्हिएत राज्य गेल्यावर नवी काच यायची बंद झाली, तेव्हापासून हे दोघं फुटलेलं सांधत आले होते. जे सांधता येत नाही त्याचं दुसरं काही करायचं. मोडलेल्या पिपेटची ढवळायची कांडी, फुटलेल्या फ्लास्कच्या मानेचं नरसाळं. बाई एकेक वस्तू उचलून दाखवत होत्या आणि डॉक्टर माझ्यासाठी मराठीत सांगत होते. नंतर सांगायचे थांबले.

शेवटी त्यांनी विचारलं की मग वहीत का नाही. बाईंना प्रश्नाचं नवल वाटलं. समितीत तीन जण लागतात. तिसरा भांडारपाल होता, तो मुलीकडे रशियाला निघून गेला आणि त्याच्या जागी माणूस कोणी दिला नाही. बाईंचं पुढचं वाक्य डॉक्टरांनी मला जसंच्या तसं सांगितलं.

"दोघांच्या सहीने आमच्याकडे काही फुटत नाही."

कॉल संपला. डॉक्टरांनी रिमोट घेतला आणि एसी बंद केला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत गरम व्हायला लागलं. मी स्वेटर काढला, ते मात्र जाकीट घालूनच बसले होते, घामाने कपाळ ओलं. "सहा वर्षं भेग बघायला शिकलो," ते म्हणाले, "बुजवलेली भेग समोर होती, दिसली नाही मला. आणि तीन सह्यांची गंमत मीच सांगत फिरतो." मला मुलीचा ब्रशांचा मग आठवला. त्यांनाही आठवला असणार. त्या दिवशी बरणी खिशातून निघाली नाही.

अर्बाबचं म्हणणं अगदीच गैर नव्हतं. एक श्रेणी बदलायची तर का बदलली ते लिहावं लागणार. ते लिहिलं की निकषच चुकला असं होतं, आणि मग मागचे सगळे अहवाल डळमळतात. त्याच महिन्यात कराराचं नूतनीकरण होतं, आणि आम्हा सगळ्यांचे व्हिसा त्या करारावर. "दुक्तूर," तो समजुतीने म्हणाला, "अगले साल ठीक कर देंगे, इन्शाल्ला." डॉक्टर म्हणाले की अर्बाब, अगले साल तक वहाँ ताला होगा. चहा आला तो तसाच परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला एक कागद टाइप करायला दिला. तो सोव्हिएत नमुन्यातला मोडतोडीचा दाखला होता. वस्तू: मोडतोडीच्या वहीचा निकष. कधी फुटला: कालची तारीख. कारण: मूल्यमापकाचा निष्काळजीपणा. खाली तीन सह्यांची जागा. हा कागद अहवालाला जोडायचा आणि डोंगरातल्या प्रयोगशाळेला ब द्यायचा, असं ठरवून ते आले होते. मी सुचवलं की सर, कारणाच्या रकान्यात वापरताना फुटला असं लिहू, ते जरा बरं दिसेल.

"वापरताना फुटलं असं त्या बाईंनी लिहायचं," ते म्हणाले. "मी नाही."

त्यांनी सही केली. दुसऱ्या सहीसाठी बशीरभाईला खाली गाडीपाशी गाठलं. बशीरभाई आमचा ड्रायव्हर, दाभोळचा, ऑफिसची फाटकी झाडूही त्याच्याच ताब्यात, त्यामुळे भांडारपाल म्हणायला तोच. त्याने विचारलं की हे कशाचं. डॉक्टरांनी सगळं सांगितलं, हिमनदीपासून. बशीरभाई म्हणाला, "म्हंजे तुमचा काटा बिघडलेला, न् त्या बाईचा माप चुकला. मंग सई कराया काय झाला." आणि बोनेटवर कागद ठेवून सही करून गेला. त्याचा व्हिसाही त्याच करारावर होता.

तिसरी सही माझी. मी म्हटलं, वाचून सांगतो.

एका पानाचा कागद, मीच टाइप केलेला, आणि मी तो दोन दिवस वाचत होतो. डॉक्टरांनी एकदाही आठवण केली नाही, उलट त्या दोन दिवसांत माझ्याशी जास्तच बरे वागले, एसी चोवीसवर ठेवला. मी भ्यालो होतो, दुसरं काही नाही. मुलीची शाळा, गावचं अर्धं बांधलेलं घर, पुन्हा कुठल्यातरी गोडाऊनमध्ये सिमेंटच्या गोण्या मोजत उभं राहायचं, हे सगळं एकदम समोर यायचं. स्वतःला सांगत होतो की सही तर नुसती औपचारिक आहे. आणि औपचारिक आहे तर करत का नाहीस, याचं उत्तर देत नव्हतो. अजून त्याची लाज वाटते. हरकतीच्या मुदतीतल्या नवव्या दिवशी नाश्त्याच्या टेबलावर मुलगी चित्र काढत होती. तिने त्या बिनकानाच्या मगमधून ब्रश काढला, पुन्हा ठेवला. मी गाडी काढली, नेहमीपेक्षा तासभर आधी ऑफिसात पोचलो आणि सही केली. डॉक्टरांनी कागद बघितला आणि मी घाईत चुकीची घातलेली तारीख तेवढी दुरुस्त करायला सांगितली.

अर्बाबने कागद दोनदा वाचला. म्हणाला, मग माझं दुकानही याच कागदात लिहा, जागा आहे खाली. डॉक्टर उभेच होते. अर्बाबने खण उघडला आणि एक घडी घातलेलं पान काढलं. मच्छीमार बंदराचं पान. ते त्याने इतकी वर्षं जपून ठेवलं होतं, हे आम्हाला माहीत नव्हतं. ते पान आणि दाखला त्याने टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, थोडा वेळ बघितले. मग यल्ला, म्हणजे चला, म्हणाला आणि अहवाल पाठवला.

प्रयोगशाळेला ब मिळाला. कुलूप लागलं नाही, नवीन काचही येणार असं ठरलं. निधीवाल्यांनी आम्हाला प्रामाणिकपणाबद्दल सुंदर पत्र लिहिलं. एवढंच नाही, तो दाखला त्यांना इतका पसंत पडला की पुढच्या वर्षीपासून प्रत्येक संस्थेने आपल्या एका फसलेल्या निकषाचा दाखला तीन सह्यांसह जोडावा, असा नवा निकष त्यांनी काढला. आता ते दाखले ढिगाने येतात. बरेचसे गुरुवारचे असतात.

आमच्या कराराचंही नूतनीकरण झालं, मात्र त्यात डॉक्टरांची जागा नव्हती. ज्याची मोजपट्टी फुटली तो तज्ज्ञ यादीत कसा ठेवणार, असं त्या सुंदर पत्राच्या तिसऱ्या परिच्छेदात सभ्य शब्दांत होतं. डॉक्टरांना त्याचं काही वाटलं नाही, म्हणजे तसं ते म्हणाले. विमानतळावर जाताना बरक्याला वळसा घालून त्यांनी म्हाताऱ्याचा गुडघा शेवटचा बघितला. बशीरभाई सांगतो की त्या दिवशी त्यांनी, हा काचेचा असता तर मी दुरुस्त करून आणला असता, असं म्हटलं. मला त्यांनी एसीचा रिमोट दिला. आता तो चोवीसवर असतो आणि मला अधूनमधून उगीचच थंडी वाजते.

पुढच्या हिवाळ्यात ऑफिसच्या पत्त्यावर एक जाड पाकीट आलं. नाझिराबाईंकडून. आत मोडतोडीचा कागद, सोबत इंग्रजी भाषांतर. वस्तू: शंकूच्या आकाराचा फ्लास्क. खाली तीन सह्यांची जागा, दोन भरलेल्या. तिसऱ्या जागी पेन्सिलीने बारीक फुली. बाईंनी लिहिलं होतं की समितीत बाहेरचा सदस्य घ्यायला आता परवानगी मिळाली आहे, डॉक्टरांनी सही केली तर बरं वाटेल.

मी देवरुखला फोन लावला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "माझी सही चालायची नाही," ते म्हणाले. "मी त्या फ्लास्कला एकदा ड दिलाय. तू कर." मी म्हटलं, सर, मला काचेतलं काय कळतं. ते म्हणाले की कळण्यासारखं त्यात काही नसतं, दाखवायला सांगायचं असतं. आणि मग विचारलं की वहिनींकडे तो मग अजून आहे का. आहे म्हटल्यावर फोन ठेवला.

मी कॉल लावला. पडद्यावर बाई आल्या, मागे चष्मा पुसणारे म्हातारे गृहस्थ. मला त्यांची भाषा येत नाही, त्यांना माझी. मी म्हटलं, पकाझीते. बाई हसल्या. त्यांनी दोन्ही हातांत फ्लास्कचे दोन भाग धरून कॅमेऱ्यासमोर आणले. मानेभोवतीच्या कड्या मला या वेळी दिसल्या, एकाखाली एक चार. पाचव्या जागी तो गेला होता. म्हाताऱ्या गृहस्थांनी पुढे येऊन त्या जागेवर बोट ठेवलं आणि मान हलवली, आता नाही होत अशा अर्थाने.

कागद माझ्यासमोर होता. कारणाच्या रकान्यात बाईंनी लिहिलं होतं: काम करताना. मी वाचून सांगतो म्हटलं नाही. तिथेच सही केली.